नैवेद्याला चुना

१

समुद्रावरच्या देवळातली क्रूसआई नाहीशी झाली ती नेमकी सणाच्या आदल्या दिवशी. आणि सकाळचा गारवा ओसरायच्या आत पोलिसांनी राखणदार नासारिओ तुस याला गाडीत कोंबायची तयारीही केली. काय ती तत्परता! एरवी गावातली एखादी गाय चोरीला गेली, तर याच लोकांना यायला आठवडा लागतो.

बार्तोला सितुक धापा टाकत पोचली, तेव्हा म्हातारा नासारिओ हॅट छातीशी धरून चिंचोळ्या दगडी दारात उभा होता. तिच्या कैलासवासी नवऱ्याचा तो थोरला भाऊ. बार्तोलाची सारी नोकरी कोर्टात दुभाषी म्हणून गेली. माया भाषा बोलणारा माणूस निव्वळ स्पॅनिश येत नाही म्हणून तुरुंगात जाऊ नये, एवढंच तिचं काम. आता निवृत्तीनंतर ती चाक्तुनला येणाऱ्या पाहुण्यांना हे भग्न वाडे आणि देवळं दाखवत हिंडायची. जीभ मात्र निवृत्त झाली नव्हती.

"भावोजी, गाडीत पाय ठेवायचा नाही," ती आल्या आल्या म्हणाली. "साहेब, कशावरून धरताय यांना?"

इन्स्पेक्टर बोर्केस वर उत्तरेकडून, सोनोराहून, नुकताच बदलून आलेला. उन्हानं लालबुंद झालेला. "कुलूप फुटलेलं नाही. किल्ली याच्या गळ्यात, काळ्या दोऱ्याला. आणि हा स्वतःच्या तोंडानं कबूल करतोय, 'मी तिला शोधली नाही.' तीनदा विचारलं, तीनदा तेच! देव चोरीला जातो आणि राखणदार शोधतसुद्धा नाही? कारण कुठे आहे ते याला ठाऊक आहे."

बार्तोला खो खो हसत सुटली. असल्या वेळी हसणं बरं नव्हे, पण तिला आवरेना.

"अहो साहेब, इथल्या स्पॅनिशमध्ये 'शोधलं' म्हणजे 'सापडलं'! आमची बाई बाजारातून आली की म्हणते, टोमॅटो शोध शोध शोधले, पण शोधले नाहीत. म्हणजे मिळाले नाहीत. भावोजी सांगतायत, सगळीकडे पाहिलं, सापडली नाही. विचारा अरिस्मेंदी साहेबांना."

अवशेषांच्या कार्यालयाचे प्रमुख अरिस्मेंदी, मूळचे राजधानीचे, कपाळ चोळत म्हणाले, "सहा वर्षं झाली मला इथे. अजून त्या शब्दानं डोकं उठतं माझं. पण बाई सांगतात ते खरं आहे."

बोर्केस थोडा वरमला. पण हार मानणाऱ्यातला नव्हता. त्यानं आत बोट दाखवलं. क्रूसआईच्या रिकाम्या चौथऱ्यापुढे तुंब्याची एक वाटी होती, निम्मी भरलेली. शेजारी विझलेली मेणबत्ती.

"हे काय आहे?"

"साका," नासारिओ पुटपुटला. "मक्याचं पेय. नैवेद्य."

"तुम्ही ठेवलात?"

"नाही."

"म्हणजे चोरानं ठेवला. आधी देवीला पाजलं, परवानगी मागितली, मग उचललं. बाई, राजधानीतला माणूस असं करेल? मी करीन? चोर तुमच्यातलाच आहे."

बार्तोलाचं हसू मावळलं. कारण या वेळी इन्स्पेक्टरचं बरोबर होतं.

२

क्रूसआई म्हणजे हातभर उंचीचा लाकडी क्रूस, हिरव्या रंगाचा, अंगात भरतकामाचा पांढरा झगा. पणजोबांनी सरकारविरुद्ध केलेल्या बंडाच्या काळापासून ती या देवळात उभी होती. सरकारनं अवशेषांना कुंपण घातलं तेव्हा गावानं भांडून, बायकांनी रस्त्यावर आडवं पडून करार करून घेतला होता. जोवर क्रूसआई तिच्या चौथऱ्यावर उभी आहे, तोवर गावापासून देवळापर्यंतची पायवाट गावाची आणि देवळाची किल्लीही गावाची. वाटेच्या एका अंगाला आता मोठं हॉटेल झालं होतं. दुसऱ्या अंगालाही त्यांना बांधायचं होतं. मध्ये आडवी येत होती ती फक्त ही वाट.

"उद्या सूर्योदयाला वरचे अधिकारी येतायत," अरिस्मेंदी म्हणाले. "चौथरा रिकामा दिसला, तर करार संपला. कुंपणाचं दार बंद होईल. माझ्या हातात काही नाही."

"तुमच्या हातात कधी काय असतं?" बार्तोला फणकारली. "इन्स्पेक्टर, आज संध्याकाळपर्यंत भावोजींना हात लावायचा नाही. मी चोर आणून देते."

"आणि नाही आणलात तर?"

"तर मलाही घाला गाडीत. मागची सीट रुंद आहे."

बोर्केसनं तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि मान हलवली.

ती पादत्राणं काढून आत गेली. वाटीत बोट बुडवून जिभेला लावलं. तोंडात ओल्या पिठाची, मक्याच्या भाकरीच्या गोळ्यासारखी चव आली आणि मागून चुन्याचा वास. तिनं तोंड वाकडं केलं. मग पुन्हा एकदा चाखलं, चूक होऊ नये म्हणून.

"काय झालं बार्तोला?" नासारिओनं विचारलं.

"काही नाही. चला बाहेर."

नासारिओ रिकाम्या चौथऱ्याला पाठ न दाखवता एकेक पाऊल मागे सरकत दाराबाहेर आला. आई तिथे नव्हती, तरी जन्माची सवय. त्याचे डोळे भरून आले होते.

"दुसरी किल्ली?" तिनं बाहेर येऊन अरिस्मेंदींना विचारलं.

"माझ्या कार्यालयात. दाराआडच्या खिळ्याला."

"म्हणजे सगळ्या जगासमोर."

"अहो, कोण येतं तिथे? काल एर्मिलो पास्टर आला होता, तुमच्या सणाच्या ढोलांबद्दल तक्रार करायला. हॉटेलचा माउरिसिओ रोजच कॉफीला येतो. आणि तुम्ही आला होतात, माझ्याशी भांडायला."

"मी चोरली असती तर एव्हाना सगळ्या गावाला सांगून मोकळी झाले असते," बार्तोला म्हणाली.

तो माउरिसिओ कानो राजधानीचा. पास्टर एर्मिलो चाब्ले मात्र याच गावचा, याच मातीत वाढलेला, पण मूर्ती न मानणाऱ्या नव्या पंथात गेलेला. आणि क्रूसआईला 'लाकडाचा ओंडका' म्हणणारा गावातला तो एकटाच होता.

३

एर्मिलोच्या घरी जाताना वाटेत नासारिओच्या अंगणात बायका उद्याच्या नैवेद्याचा मका शिजवत होत्या. मोठ्या पातेल्यापाशी बसलेल्या थोरल्या जाऊबाई एका सुनेवर खेकसत होत्या, "अगं ए, तो भाकरीच्या चुन्यातल्या मक्याचा डाव इकडे बुडवू नकोस! चुन्याचा कणसुद्धा लागायचा नाही साक्याला. भाकरी माणसांची, साका देवाचा. आईनं काही शिकवलं की नाही?"

सून हिरमुसली. बार्तोला तिला डोळा मारून पुढे गेली. आई सापडो न सापडो, नैवेद्य शिजत होता, हे बघून तिला बरं वाटलं.

एर्मिलो कोंबड्यांना दाणे टाकत होता. तिला बघताच म्हणाला, "आलीस? वाटच बघत होतो. चोर म्हणून माझंच नाव घेतलं असेल सगळ्यांनी."

"घेणारच. मागच्या रविवारी तूच ओरडत होतास ना, ओंडका जाळा म्हणून?"

"ओरडलो. उद्याही ओरडेन! पण बार्तोला, डोकं चालव. मी नेली असती तर भर चौकात, भर दुपारी जाळली असती. माझी भक्ती लपून नसते. आणि म्हणे साका ठेवला! ज्या ओंडक्याला मी देव मानत नाही, त्याला मी प्यायला देईन? माझी मंडळी हसतील मला."

"घरात मका कुठला आहे तुझ्या?"

"माझ्या शेतातला. दुसरा कुठला असणार? बायको रोज दळते."

"पाकिटातलं पीठ?"

"शी!" एर्मिलो इतक्या तिटकाऱ्यानं म्हणाला की कोंबड्या उडाल्या. "ते कागदाचं पीठ आमच्या घरात येत नाही. गावात कोणाच्याच येत नाही. धर्म बदलला गं मी, जीभ नाही बदलली."

बार्तोलाला हसू आलं. दोघं शाळेत एका बाकावर होते. तो हट्टी होता, पण खोटारडा नव्हता. निघताना तो मागून हळूच म्हणाला, "ती वाट गेली तर माझ्याही लोकांना समुद्रावर जायला दुसरी नाही. सापडू दे तुझी आई. मग मी तिच्याविरुद्ध भाषण करीन."

म्हणजे जो उरला, तो परका होता. आणि परक्याला साका ठेवायचं सुचलंच कसं?

४

हॉटेलच्या तलावाकाठी लग्नाची तयारी चालू होती. सिमेंटचं एक देऊळ त्यांनी मुद्दाम बांधलं होतं, चाक्तुनच्या देवळासारखंच, फक्त रंग ताजा. तिथे परदेशी जोडपी डोक्याला पिसं लावून 'प्राचीन माया पद्धतीनं' लग्न करायची. ध्वनिवर्धकावर शंख वाजायचा. हे पाहिलं की बार्तोलाचं डोकं सणकायचं. खरं देऊळ हाकेच्या अंतरावर, पण तिथे दारू मिळत नाही ना!

त्या खोट्या देवळाच्या गाभाऱ्यावर आज पांढरा पडदा ओढलेला होता. पडद्यापुढे व्यवस्थापक माउरिसिओ कानो उभा होता, इस्त्रीच्या शर्टात.

"या बाई, या! ऐकलं मी. फार वाईट झालं," तो राजधानीच्या गुळगुळीत बोलीत म्हणाला. "मला तर हे तुमचं क्रूस वगैरे काही कळत नाही. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदाच पाऊल ठेवलं मी या किनाऱ्यावर. पण लोकांच्या भावना असतात."

"असतात खऱ्या. आत काय चाललंय?"

"दुरुस्ती. ओल आलीय भिंतीला. आपण तिकडे सावलीत बसू."

तो तिच्याशी बोलत बोलत पडद्यापासून निघाला. पण वळला नाही. चार-पाच पावलं तसाच मागे मागे सरकत आला आणि खुर्चीला अडखळून धाडकन आदळला. नाकावरचा चष्मा उडाला. हातातल्या कागदांचा पसारा झाला.

"लागलं का?" बार्तोलानं विचारलं.

"नाही नाही... चष्मा... कुठे गेला बुवा..." आंधळ्यासारखा तो कागदांखाली चाचपडत राहिला. घामाघूम झाला. आणि मग एकदम सुटल्यासारखा ओरडला, "हां! शोधला!"

चष्मा नाकावर चढवून त्यानं वर पाहिलं. बार्तोला त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"काय झालं?" तो म्हणाला.

"काही नाही," बार्तोला म्हणाली. "शोधलात ना? बरं झालं. मीही शोधलं."

आणि ती जवळजवळ पळतच फाटकाबाहेर पडली, इन्स्पेक्टरला आणायला.

५

ऊन उतरायच्या आत सगळे त्या सिमेंटच्या देवळापुढे जमले. बोर्केस, अरिस्मेंदी, नासारिओ, आणि कोणी न बोलावता आलेला एर्मिलो. माउरिसिओ संतापला होता. पाहुणे बघतायत, कंपनीचा वकील बोलावतो, असं काय काय म्हणत होता.

"बोलाव वकील. तोपर्यंत मी बोलते," बार्तोला म्हणाली. "इन्स्पेक्टर साहेब, सकाळी तुम्ही म्हणालात चोर आमच्यातलाच. खरं होतं ते. नैवेद्य न दाखवता आईला उचलायची परक्याला भीती वाटली नसती. या चोराला वाटली. पण वाटीतला साका मी चाखला. त्यात चुना होता."

"मग?"

"मग काय! साका बिनचुन्याचा असतो. माझ्या जावेला विचारा, कणभर लागला तरी ती पातेलं ओतून देईल. चुना असतो भाकरीच्या पिठात, दुकानातल्या पाकिटात. म्हणजे हा माणूस इथे जन्मला, आजीला नैवेद्य करताना त्यानं पाहिलं, पण स्वतः कधी केला नाही. घरात शेतातला मका नाही. हाताशी आहे ते हॉटेलच्या स्वयंपाकघरातलं पाकीट. देवालाच चुना लावला मेल्यानं, आणि त्याला कळलंसुद्धा नाही!"

एर्मिलो फिस्सकन हसला.

"मी राजधानीचा आहे," माउरिसिओ म्हणाला. "हे सगळ्यांना माहीत आहे."

"राजधानीच्या माणसाचा चष्मा सापडतो. तुझा 'शोधला'. अरिस्मेंदी साहेबांचं सहा वर्षांत डोकं उठलं, पण तो शब्द तोंडात बसला नाही. तुझ्या दोन वर्षांत बसला? तोही घाबरलेला असताना? घाबरलं की माणूस आईच्या भाषेत बोलतो बाबा. तीस वर्षं कोर्टात मी तेच ऐकलंय." ती एक पाऊल पुढे आली. "आडनाव कानो नाही तुझं. कानुल, आमच्याकडचंच. शेवटचा ल गिळून 'नु'चा 'नो' केलास."

माउरिसिओनं चष्मा काढून शर्टाला पुसायला घेतला.

"आणि क्रूस?" बोर्केसनं विचारलं.

"त्याला जाळता येणार नव्हती, पुरता येणार नव्हती, नुसती जमिनीवर ठेवतानाही हात कापले असते. उभीच करावी लागणार, उगवतीकडे तोंड करून. म्हणून मघाशी त्याला पडद्याकडे पाठ करता येईना. भावोजी करतात तस्साच मागे मागे चालत आला आणि आपटला."

नासारिओनं चपला काढल्या. पुढे जाऊन त्यानं पडदा बाजूला केला.

सिमेंटच्या कोनाड्यात, उगवतीला, समुद्राकडे तोंड करून, क्रूसआई उभी होती. अंगात तिचा झगा, पुढे मेणबत्ती आणि पुन्हा तुंब्याची वाटी. नासारिओ मटकन गुडघ्यांवर बसला. एर्मिलोनंही, बहुतेक नकळत, डोक्यावरची हॅट काढली.

"कोणीतरी मला अडकवायला आणून ठेवलंय!" माउरिसिओ ओरडला. "लाकूड आहे ते नुसतं! माझा काय संबंध?"

बार्तोला हाताची घडी घालून उभी राहिली. "नुसतं लाकूड? मग उचल आणि आडवं टाक जमिनीवर. या सगळ्यांसमोर. टाकलंस तर मी खोटी. गाडीत मी बसते."

ध्वनिवर्धकावरचा शंख तेवढा वाजत होता. माउरिसिओ ताठ मानेनं कोनाड्यापाशी गेला. हात पुढे केले. ओठ हलायला लागले आणि त्यातून जे आलं ते स्पॅनिश नव्हतं. माया होती, खेड्यातली, लहान पोराची. "आई, रागवू नकोस. आई, हात लावतोय, रागवू नकोस." आणि हात न लावताच तो खाली बसला.

६

"कंपनीत कळलं असतं की मी असल्याच एका खेड्यातला आहे, तर आजही सामानच उचलत असतो मी," तो म्हणाला. त्यानं चेहरा ओंजळीत झाकला होता. "त्यांना वाट हवी होती. म्हणाले, करशील तर सगळ्या किनाऱ्याचा साहेब होशील. सण उलटला की मी तिला परत ठेवणार होतो. खरंच."

"वाट गेल्यावर? कुठल्या वाटेनं आणणार होतास रे?" बार्तोलाचा आवाज चढला, आणि त्यात रागाइतकंच रडूही होतं. "आमच्या बायका रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या त्या वाटेसाठी. तुझ्या गावच्याही असतील त्यात. नाव बदललंस, बदल. पण आमची वाट विकायला तुला कोणी सांगितलं?"

बोर्केसनं त्याला उठवलं. जाताना तो क्रूसआईकडे तोंड करून, मागे मागे चालत गेला, आणि या वेळी लपवायचं काही कारण उरलं नव्हतं.

क्रूसआई हॉटेलच्या मागच्या दारानं नेऊ, पाहुण्यांची गैरसोय नको, असं अरिस्मेंदींनी सुचवून पाहिलं. बार्तोलानं त्यांच्याकडे नुसतं बघितलं. मग ढोल आले. क्रूसआई हॉटेलच्या पुढच्या दारानं, तलावाला वळसा घालून, पिसं लावलेल्या नवरानवरीच्या मधून, स्वतःच्या वाटेनं स्वतःच्या देवळात गेली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमच आहे.

सकाळी सूर्य वर आला तेव्हा ती चौथऱ्यावर उभी होती. पुढे बिनचुन्याचा साका आणि दारापासून वाटेपर्यंत सगळं गाव. वरून आलेल्या अधिकाऱ्यांना टिपायला काही उरलं नाही. पण हात हलवत परत जाणं काही त्यांना जमेना. त्यातल्या थोरल्या साहेबांनी अरिस्मेंदींच्या कानात काही सांगितलं. अरिस्मेंदी घसा खाकरत पुढे आले.

"झालं ते छानच झालं. पण सुरक्षेच्या दृष्टीनं दोन्ही किल्ल्या यापुढे कार्यालयात राहाव्यात, असं साहेबांचं मत आहे. नासारिओ, तुमची किल्ली?"

नासारिओनं गळा चाचपला. खिसे उलटे केले. हॅट काढून आत पाहिलं. बार्तोलाला दिसलं, क्रूसआईच्या झग्याच्या गळ्यापाशी एक काळा दोरा डोकावत होता. काल तो तिथे नव्हता.

"काय सांगू साहेब," नासारिओ अगदी गरीब चेहऱ्यानं म्हणाला. "सगळीकडे पाहिलं. शोधली नाही."

"म्हणजे? शोधा ना मग!"

"शोधतोच आहे साहेब. शोध शोध शोधतोय. पण शोधत नाही."

थोरले साहेब चक्रावून इन्स्पेक्टरकडे वळले. बोर्केसनं क्रूसआईकडे पाहिलं. दोऱ्याकडे पाहिलं. मग टोपी नीट केली आणि दुभाष्याच्या गंभीरपणानं म्हणाला, "ते म्हणतायत, सापडत नाही. आणि माझ्या मते, साहेब, सापडणारही नाही."

बार्तोलानं ढोलवाल्यांना खूण केली.